भिंतीपलीकडची कबर

नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. या दिवसांत चर्चच्या कार्यालयात मिस्साच्या हेतूंची वही टेबलावर उघडीच असते. कुणी आईवडिलांची नावे लिहून देतो, कुणी आजीआजोबांची, कुणी पाळण्यातच गेलेल्या बाळाचे. सांताक्रूझमधील अशाच एका सकाळी साठीच्या घरातील एक माता आमच्यासमोर येऊन बसली. तिने पैसे टेबलावर ठेवले. पण नाव काही सांगेना. अखेर ती म्हणाली, "फादर, नाव नका लिहू. नुसते 'एका मृतात्म्यासाठी' एवढेच लिहा. तुम्ही वाचून दाखवाल तेव्हा लोकांनी माझ्याकडे वळून बघायला नको." मग क्षणभर थांबून तिने खालच्या आवाजात विचारले, "फादर, अशा माणसासाठी मिस्सा चालते ना?"

तिच्या तरुण मुलाने आदल्या वर्षी आपले जीवन स्वतःच संपविले होते. त्याआधी कित्येक वर्षे तो मनाच्या आजाराने पोळत होता. कुणाची ओळख पटू नये म्हणून याहून अधिक तपशील आम्ही देत नाही. तिला आम्ही लगेच "चालते" असे उत्तर दिले. परंतु ते एका शब्दाचे उत्तर घेऊन ती गेली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचे भय तसेच होते. त्या भयाच्या मागे सुमारे पंधराशे वर्षांचा इतिहास आहे. तो उलगडून सांगितल्याशिवाय आमचे उत्तर पुरे होणार नाही, या जाणिवेने हा लेख लिहीत आहोत.

आमच्या बालपणीची एक आठवण येथे नोंदवितो. गावच्या दफनभूमीच्या दगडी भिंतीबाहेर, निवडुंगाच्या कुंपणाला लागून मातीचा एक उंचवटा होता. त्यावर क्रूस नव्हता, नाव नव्हते. मोठी माणसे तेथून जाताना बोलणे थांबवीत. मृतांच्या सणाच्या संध्याकाळी सगळ्या कबरींवर मेणबत्त्या लागत आणि लोक घरी परतत. त्यानंतर एक वृद्धा हळूच भिंतीबाहेर जाऊन त्या उंचवट्यावर एक मेणबत्ती लावी. तेथे कोण आहे, असे आम्ही आजीला विचारले, तेव्हा तिने आमचा हात ओढला आणि म्हणाली, "तिकडे बघायचे नसते." ती भिंत कुणी बांधली? प्रभू येशूने तर नक्कीच नाही.

पवित्र शास्त्रातील मौन

बायबलमध्ये आत्महत्येच्या घटना मोजक्याच आहेत आणि ग्रंथकारांनी त्या सांगताना कमालीचा संयम पाळला आहे. लढाईत हरलेला शौल राजा आपल्याच तलवारीवर पडला. त्याचे प्रेत शत्रूने भिंतीवर टांगले, तेव्हा याबेश-गिलादचे वीर रात्रभर चालत गेले, त्यांनी ते काढून आणले, अस्थींना मूठमाती दिली आणि सात दिवस उपवास केला. दाविदाने त्याच्यासाठी शोक केला. अहिथोफेल या सल्लागाराने घराची निरवानिरव करून गळफास घेतला. त्याच्याविषयी शास्त्र एवढेच सांगते की त्याला त्याच्या बापाच्या कबरेत पुरण्यात आले. बापाच्या कबरेत, हे शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत. त्याला कुणी भिंतीबाहेर काढले नाही.

आणि संदेष्टा एलिया! रानात एका झुडपाखाली बसून त्याने परमेश्वराकडे मरण मागितले. आता पुरे झाले, माझा प्राण घे, असे तो म्हणाला. परमेश्वराने त्याला दोष दिला नाही. त्याला झोप दिली, देवदूताकरवी भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. त्यानंतरच पुढची वाट दाखविली. मरण मागणाऱ्या माणसाशी कसे वागावे याचा पहिला धडा शास्त्रात आहे तो असा.

बंदी कुणासाठी होती?

मग ख्रिस्ती परंपरेतील कडक निषेध आला कोठून? इ. स. ४१० मध्ये गॉथ सैन्याने रोम लुटले. अनेक ख्रिस्ती स्त्रियांवर अत्याचार झाले. काहींनी लाजेपोटी प्राण दिले. ज्या जगल्या त्यांना लोक टोमणे मारू लागले. उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांनी त्यानंतर 'देवाचे नगर' हा ग्रंथ लिहावयास घेतला आणि त्याच्या पहिल्याच भागात या स्त्रियांचा कैवार घेतला. पावित्र्य हे मनाचे असते. जे शरीरावर बळाने लादले गेले त्याचा दोष त्या स्त्रीचा नाही. म्हणून तिने स्वतःला शिक्षा करण्याचे कारण नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. 'खून करू नको' या आज्ञेत 'शेजाऱ्याचा' असा शब्द नाही, म्हणून ती स्वतःलाही लागू आहे, हे त्यांनी याच ओघात सांगितले. ज्या स्त्रियांनी प्राण दिले त्यांना क्षमा करण्यास कोणते मानवी हृदय नकार देईल, असेही ते विचारतात.

म्हणजे ही बंदी जन्मली ती कलंकित ठरविलेल्या माणसाला 'तू जग, तुझा दोष नाही' असे सांगण्यासाठी. तिचा उद्देश रक्षणाचा होता. पुढे मात्र ती मेलेल्यांना शिक्षा देण्याच्या कामी आली. सहाव्या शतकात पोर्तुगालमधील ब्रागा येथील धर्मपरिषदेने ठरविले की, ज्यांनी स्वतःचा प्राण घेतला त्यांचे अर्पणविधीत स्मरण करू नये आणि स्तोत्रे गात त्यांना दफनास नेऊ नये. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी तीन कारणे मांडली: प्रत्येक जीव स्वभावतःच स्वतःला जपतो, त्या स्वभावाविरुद्ध हे कृत्य आहे, माणूस समाजाचा घटक आहे, म्हणून समाजावर तो अन्याय आहे, आणि जीवन ही परमेश्वराची देणगी आहे, तिचा मालक माणूस नव्हे. ही कारणे आजही ख्रिस्तसभेला मान्य आहेत आणि आम्हालाही. परंतु थॉमस यांचा विचार समजूनउमजून कृती करणाऱ्या माणसाविषयी होता. ज्याची समज आजाराने झाकोळून गेली आहे त्याला तोच मापदंड लावणे हा पुढच्यांचा आततायीपणा होता.

राजसत्तांनी तर धर्मसत्तेच्याही पुढे मजल मारली. इंग्लंडमध्ये आत्महत्या करणाऱ्याचे प्रेत चव्हाट्यावर पुरून त्यात मेख ठोकण्याची चाल होती. ती १८२३ च्या कायद्याने बंद झाली. आत्महत्या हा गुन्हा मात्र तेथे १९६१ पर्यंत राहिला. त्याच इंग्रजांनी १८६० मध्ये आपल्यासाठी भारतीय दंडसंहिता रचली आणि तिच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास एक वर्षापर्यंतची कैद ठरविली. मेलेला कायद्याच्या हाती लागत नव्हता. जो वाचला तो सापडत होता.

ख्रिस्तसभेच्या १९१७ च्या कायदेसंहितेतही 'बुद्धिपुरस्सर' आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफन नाकारण्यात आले होते. परंतु 'बुद्धिपुरस्सर' हा शब्द तेथे होता. शंका असेल तर बिशपांना विचारावे आणि शंका फिटलीच नाही तर दफन द्यावे, असेही त्याच कलमात सांगितले होते. म्हणजे मनोरुग्णासाठी दार तेव्हाही उघडे होते. भीती, लोकलाज आणि रूढी यांनी ते लोटून घेतले. आमच्या गावची ती वृद्धा ज्या भिंतीबाहेर मेणबत्ती लावीत होती ती भिंत नुसत्या कायद्याने उभी राहिली नव्हती. आपण सर्वांनी मिळून ती उभी केली होती.

या बाबतीत महाराष्ट्रापासूनही शिकण्यासारखे आहे. आळंदीची संजीवन समाधी किंवा १९८२ मध्ये पवनार येथे विनोबांनी केलेला अन्नत्याग यांकडे ती परंपरा पूर्णतेच्या दृष्टीने पाहते. त्यांची चर्चा आम्ही येथे करीत नाही. आमचा प्रश्न निराशेने गेलेल्या माणसाचा आहे. ११ जून १९५० रोजी साने गुरुजींनी आपले जीवन संपविले. 'श्यामची आई' लिहिणाऱ्या त्या कोमल मनाच्या माणसाला महाराष्ट्राने आपल्या स्मरणाबाहेर ढकलले नाही. शेवटच्या एका कृत्यावरून अख्ख्या आयुष्याचा हिशेब मांडायचा नसतो, एवढे शहाणपण या मातीत होते.

एका शिपायाचा खटला

कलम ३०९ ला पहिला मोठा हादरा बसला तो आपल्या मुंबईत. मारुती श्रीपती डुबल हे मुंबई पोलीस दलातील शिपाई. रस्त्यावरील अपघातात त्यांच्या डोक्याला इजा झाली आणि त्यानंतर त्यांना मनाचा आजार जडला. घर चालावे म्हणून पत्नीला भाजीविक्रीचा परवाना मिळावा अशी त्यांची धडपड होती. १९८५ च्या एप्रिलमध्ये ते त्यासाठी महापालिका आयुक्तांच्या कार्यालयात गेले. तेथे दाद लागेना, तेव्हा त्यांनी दारातच स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. लोकांनी त्यांना वेळीच आवरले. जीव वाचला आणि त्याबरोबर फौजदारी खटलाही मागे लागला.

त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. १९८६ च्या सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने कलम ३०९ घटनाबाह्य ठरविले. त्या निकालपत्राचे दोन भाग आम्ही वेगळे करून पाहतो. एका भागात न्यायालयाने म्हटले की, भाषणस्वातंत्र्यात जसे गप्प राहण्याचे स्वातंत्र्य येते, तसे जगण्याच्या हक्कात न जगण्याचाही हक्क येतो. हे आम्हाला पटत नाही. गप्प बसलेला माणूस उद्या पुन्हा बोलू शकतो. मेलेला पुन्हा जगू शकत नाही. परंतु दुसऱ्या भागात न्यायालयाने सांगितले की, मनाच्या विकाराने जो मरू पाहतो त्याला वैद्यकीय उपचारांची गरज आहे. तुरुंगाच्या कोठडीत त्याचा आजार बळावेल. या वाक्यापुढे कोणत्याही धर्मगुरूने मान तुकवावी. जखमी माणसाला पाहून वाट बदलून गेलेले याजक आणि लेवी कोण, आणि थांबलेला शोमरोनी कोण, याचा विचार आपण शांतपणे करावा.

पुढचा प्रवास सरळ झाला नाही. १९९४ मध्ये पी. रथिनम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी तेच मत उचलून धरले; १९९६ मध्ये ग्यान कौर खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते फिरविले. जगण्याचा हक्क निसर्गतः माणसाकडे आहे, आत्महत्या हा जीवनाचा अनैसर्गिक शेवट आहे, म्हणून मरण्याचा हक्क त्यातून निघत नाही, असा निर्वाळा त्या पीठाने दिला. तत्त्व म्हणून ते योग्यच होते. पण त्याबरोबर कलम ३०९ पुन्हा जिवंत झाले आणि रुग्णालयाच्या खाटेवर शुद्धीवर येणाऱ्या माणसाच्या उशाशी पोलिसाची वही पुन्हा आली. २००८ मध्ये विधी आयोगाने हे कलम रद्द करण्याची शिफारस केली. अखेर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सांगितले की, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे, विरुद्ध सिद्ध झाल्याखेरीज त्याला शिक्षा करू नये, आणि त्याची काळजी, उपचार व पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी राहील. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात कलम ३०९ नाही.

मात्र एक खिळा उरला आहे. सरकारी अधिकाऱ्याला त्याच्या कामात भाग पाडण्यासाठी किंवा अडविण्यासाठी जो आत्महत्येचा प्रयत्न करील, त्याच्यासाठी नव्या संहितेत कलम २२६ आहे. आयुक्तांच्या दारात उभ्या असलेल्या त्या आजारी शिपायाची आठवण येथे होते. त्याची कृती आज कोणत्या कलमात बसविली जाईल? मनोरुग्णांच्या बाजूने उभे राहण्याचे काम संपलेले नाही, एवढे यातून दिसते.

मरणाचा हक्क आणि परळची परिचारिका

येथे एखादा वाचक विचारील, "फादर, न्यायालय आणि ख्रिस्तसभा दोघांनीही आपले मन मऊ केले, तर मग मरण मागणाऱ्याला ते देण्यास काय हरकत आहे?" हा प्रश्नही मुंबईला नवा नाही. १९८१ मध्ये मिनू मसानी यांनी येथे सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था स्थापन केली. १९८५ मध्ये प्रा. सदानंद वर्दे यांनी महाराष्ट्र विधान परिषदेत त्या दिशेने एक अशासकीय विधेयक मांडले. ही माणसे विचारी होती आणि वेदनेत खितपत पडलेले रुग्ण त्यांनी पाहिले होते. त्यांना निर्दय म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही.

या प्रश्नाला चेहरा मिळाला तो अरुणा शानभाग यांचा. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरची ही मुलगी परळच्या के. ई. एम. रुग्णालयात परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच तिच्यावर अमानुष हल्ला झाला. गळा आवळला गेल्याने मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. तेव्हा ती पंचविशीत होती, लग्न ठरलेले होते. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे साडेएकेचाळीस वर्षे, ती त्याच रुग्णालयात अंथरुणावर होती. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. निवृत्त होणाऱ्या परिचारिकेने नव्या मुलीकडे तिला सोपवावे, असे चालले. त्या तिला भरवीत, न्हाऊ घालीत, कूस बदलीत. सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील तीन डॉक्टरांची समिती तिला तपासण्यास पाठविली, तेव्हा एवढ्या वर्षांत तिच्या अंगावर पाठफोड झाली नव्हती ही गोष्ट न्यायमूर्तींनी आवर्जून नोंदविली.

तिला भरविणे थांबवून शांतपणे जाऊ द्यावे, अशी याचिका लेखिका पिंकी विराणी यांनी केली होती. तीही करुणेपोटीच. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने ती फेटाळली. तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार कुणाचा, या प्रश्नाला न्यायालयाने दिलेले उत्तर आम्हाला फार मोलाचे वाटते: ज्यांनी तिला रोज सांभाळले त्या रुग्णालयाच्या सेवकांचा. त्याच निकालाने कृत्रिम उपचार थांबविण्याची वाट काही अटींवर मोकळी केली आणि ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने ती पक्की केली. माणसाने आपल्या अखेरच्या उपचारांविषयी आधीच लेखी इच्छा नोंदवून ठेवावी, यालाही मान्यता दिली. २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धती सोपी करण्यात आली.

कित्येक कुटुंबे आम्हाला विचारतात, "फादर, व्हेंटिलेटर काढला तर आम्हाला पाप लागेल का?" अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या बाकावर बसून विचारलेला हा प्रश्न असतो. त्याचे उत्तर पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्येच डॉक्टरांपुढे बोलताना दिले आहे: जीव राखण्यासाठी साधे, योग्य उपाय करणे बंधनकारक आहे, आशा उरलेली नसताना असाधारण उपाय ओढीत राहणे बंधनकारक नाही. १९८० च्या जाहीरनाम्यात ख्रिस्तसभेने हेच विस्ताराने सांगितले. वेदना शमविण्यासाठी औषध द्यावे, निरर्थक उपचार थांबवावेत, मरण जवळ आले तर ते स्वीकारावे. परंतु मरण घडवून आणण्यासाठी सुई टोचणे हा वध आहे, तो कितीही दयेने केला तरी. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ च्या 'जीवनाचे शुभवर्तमान' या परिपत्रकात हे निःसंदिग्धपणे मांडले. अन्नपाणी, ते नळीवाटे द्यावे लागले तरी, तत्त्वतः शुश्रूषेचाच भाग आहे, असे त्यांनी २००४ मध्ये सांगितले. या शेवटच्या मुद्द्यावर कायदेपंडितांत आणि आपल्यात मतभेद राहतील. परळच्या परिचारिकांनी मात्र कोणताही वाद न घालता घास भरविला.

आता त्या वाचकाच्या प्रश्नाचे उत्तर. जो मरण मागतो तो बहुधा वेदना थांबण्याची, एकटेपण सरण्याची मागणी करीत असतो. वेदना शरीराची असो वा मनाची, ती ऐकून घेणे हे आपले काम आहे. मरण मागणाऱ्याला दोषी ठरविणे आणि त्याच्या हाती मरण देणे, या दोन्हींत त्याच्याजवळ बसण्याचे कष्ट आपण टाळलेले असतात. १९८६ या एकाच वर्षी मुंबईत दोन गोष्टी घडल्या. फोर्टमध्ये उच्च न्यायालयाने तो निकाल दिला. आणि वांद्र्याला, माउंट मेरीच्या टेकडीवर, डॉ. एल. जे. डिसोझा यांच्या पुढाकाराने शांती अवेदना हे कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्णांसाठीचे आश्रमगृह सुरू झाले. भारतातील ते पहिलेच. होली क्रॉसच्या भगिनी तेथे रुग्णांची सेवा करीत आल्या आहेत. आमच्या सांताक्रूझ या नावाचा अर्थही 'पवित्र क्रूस' असाच. क्रूसाखाली पवित्र मरिया आणि योहान काय करू शकत होते? खिळे काढणे त्यांच्या हाती नव्हते. ते उभे राहिले, शेवटपर्यंत.

आमची कबुली

हा लेख येथे संपविता आला असता. परंतु त्या मातेला आणखी एक गोष्ट ठाऊक होती आणि तिने ती आम्हाला उगाळून दाखविली नाही, हा तिचा मोठेपणा. तिचा मुलगा जाण्यापूर्वी दोन वर्षे आमच्याकडे आला होता. झोप लागत नाही, डोक्यात कुणीतरी बोलत राहते, जगण्यात राम वाटत नाही, असे तो म्हणाला. आम्ही त्याच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली, त्याला जपमाळ दिली, "विश्वास ठेव, सगळे ठीक होईल" असे सांगितले. प्रार्थना केली याचा पश्चात्ताप आम्हाला नाही. पण हेच दुखणे छातीत आहे असे त्याने सांगितले असते, तर आम्ही त्याला त्याच पावली डॉक्टरकडे पाठविले असते, कदाचित रिक्षात बसवून स्वतः घेऊन गेलो असतो. मनाचे दुखणे म्हटल्यावर आम्ही त्याला परत घरी पाठविले. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकलेल्या, हा सगळा इतिहास ठाऊक असलेल्या आमच्याकडून हे झाले.

म्हणून आपल्या कुटुंबांना कळकळीची विनंती आहे. मनाचा आजार हा आजार आहे. तो भुताखेताचा फेरा नव्हे, विश्वास कमी पडल्याची खूणही नव्हे. बहिणीचे स्थळ मोडेल म्हणून भावाचा आजार लपवू नका. औषध चालू असेल तर 'आता प्रार्थना सुरू केली आहे' म्हणून ते बंद करू नका. कुणी मरणाची भाषा करीत असेल तर ती धमकी समजू नका. त्याला सरळ विचारा, ऐका, एकटे सोडू नका आणि डॉक्टरकडे न्या. शासनाची 'टेलिमानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालते. मराठीतही बोलता येते. ज्या घरी अशी घटना घडली त्या घरी जा, आणि 'का केले?' असे विचारू नका. इतरांच्या घरी नेता तसेच जेवण घेऊन जा.

आणि त्या मातेच्या प्रश्नाचे पुरे उत्तर असे आहे. १९८३ च्या नव्या कायदेसंहितेने दफन नाकारण्याच्या यादीतून आत्महत्या करणाऱ्यांचा उल्लेख काढून टाकला. १९९२ च्या कॅथलिक श्रद्धाग्रंथाने शिकविले की, मनाचा गंभीर विकार, तीव्र वेदना किंवा दुःखाचे भय यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते; अशा व्यक्तींच्या तारणाविषयी निराश होऊ नये; केवळ परमेश्वरालाच ठाऊक असलेल्या मार्गांनी तो त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो; आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. आम्हा धर्मगुरूंचे आश्रयदाते संत जॉन व्हियानी यांच्याविषयी एक कथा सांगितली जाते. पुलावरून उडी घेतलेल्या माणसाची विधवा त्यांच्याकडे आली, तेव्हा ते तिला म्हणाले की, पुलाचा कठडा आणि पाणी यांच्यामध्ये त्याला पश्चात्तापाला वेळ मिळाला होता. १८५९ मध्ये निवर्तलेल्या त्या खेडवळ धर्मगुरूपाशी आजची मनोविकृतिशास्त्राची पुस्तके नव्हती. तरी त्याने दार लोटून घेतले नाही.

हे सगळे आम्ही त्या मातेच्या घरी जाऊन, तिच्या स्वयंपाकघरात बसून तिला सांगितले. मुलाच्या त्या भेटीबद्दल तिची क्षमाही मागितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. चहा झाल्यावर तिने विचारले, "फादर, वहीत नाव आता लिहिता येईल का?" त्या रविवारी सकाळच्या मिस्साला आम्ही त्याचे संपूर्ण नाव वाचले, बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आहे तसेच. मागे कुणी वळून पाहिले की नाही, ते वेदीवरून आम्हाला दिसले नाही. ती मात्र पुढच्या बाकावर बसली होती.